नोटिशीतली मराठी कोणाची?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या घरी एका पतसंस्थेची नोटीस आली. आमचे गाव पारनेर तालुक्यातले. आजोबांना गावात सगळे तात्या म्हणतात. तात्यांनी शेजारच्या घरच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. कर्ज दीड लाखाचे, कर्जदार एक आणि जामीनदार दोन. पुढे कांद्याचे भाव पडले, कर्ज थकले आणि व्याजासह दोन लाख दहा हजार रुपये भरण्याची नोटीस तिघांनाही आली. तात्यांनी ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "तू कालेजात शिकतो, वाच बरं काय म्हणतेत ते." नोटीस मराठीतच होती. तीत एक वाक्य असे होते की, सदर रकमेच्या परतफेडीचे आपले दायित्व 'संयुक्त व पृथक' आहे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. वाक्य दोनदा वाचले आणि सांगितले, "तात्या, कर्ज तिघांचे मिळून आहे, पण प्रत्येकाची जबाबदारी वेगळी आहे." तात्यांनी मनाशी हिशेब केला. दोन लाख दहा हजार भागिले तीन, म्हणजे सत्तर हजार. दोन दुभत्या गाई विकून त्यांनी सत्तर हजारांची जुळणी केली आणि पैसे पिशवीत घालून मला बरोबर घेऊन ते संस्थेत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने पैसे मोजून घेतले, पावती दिली आणि शांतपणे सांगितले, "राहिलेले एक लाख चाळीस हजारही तुमच्याकडून वसूल होऊ शकतात." तात्या म्हणाले, "साहेब, पृथक म्हणजे वेगळंच ना? मग माझं वेगळं मी भरलं की." त्या अधिकाऱ्याची चूक नव्हती. तो कायद्याप्रमाणेच बोलत होता. 'संयुक्त व पृथक' याचा कायद्यातला अर्थ असा की, देणेकरी सगळे मिळून तर जबाबदार आहेतच, परंतु त्यांतला कोणीही एकटा संपूर्ण रकमेलाही जबाबदार आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. थोडक्यात, तात्यांनी नोटिशीतला शब्द नीट वाचला होता, मीही नीट वाचला होता, आणि तरीही आम्ही दोघांनी त्याचा अगदी उलटा अर्थ लावला होता.

पुढे काय झाले ते सांगण्यात अर्थ नाही. दोन घरांतले बोलणे अजून बंद आहे, एवढे पुरे. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ज्या मराठीत ती नोटीस लिहिली होती ती मराठी कोणाची? ती तात्यांची नव्हे, आणि माझीही नव्हे. ती मूळ इंग्रजी शब्दांना एकेक संस्कृत शब्द जोडून तयार झालेली मराठी आहे. शब्दाला शब्द मिळाला, पण माणसाला अर्थ मिळाला नाही. पैशाच्या व्यवहारातल्या अशा भाषांतराविषयी मला या लेखात काही सांगावयाचे आहे.

भाषांतर हा विषय आपण कला शाखेचे विद्यार्थी बहुधा कवितेच्या आणि कादंबरीच्या तासाला शिकतो. तिथे शब्द चुकला तर रस बिघडतो. बँकेत शब्द चुकला तर गाय विकावी लागते. म्हणून व्यवहाराचे भाषांतर हे साहित्याच्या भाषांतरापेक्षा हलके काम आहे असे समजण्याचे कारण नाही.

ही अडचण केवळ मराठीची आहे असेही नाही. स्पॅनिश भाषेतला जमाखर्च इंग्रजीत आणणाऱ्यांनाही ती रोज भेटते. स्पॅनिश ताळेबंदात एका बाजूला 'आक्तिवो' आणि दुसऱ्या बाजूला 'पासिवो' असे मथळे असतात. शब्दश: पाहिले तर 'क्रियाशील' आणि 'निष्क्रिय'. नवखा भाषांतरकार तसेच लिहून मोकळा होईल, पण तिथे अभिप्रेत आहे ती मालमत्ता आणि देणी. खातेवहीच्या दोन बाजूंना ते 'देबे' आणि 'आबेर' म्हणतात. पहिल्याचा अर्थ 'देणे लागतो', दुसऱ्याचा 'जवळ असणे'. आपण त्यांनाच 'नावे' आणि 'जमा' म्हणतो. इंग्रज ज्याला क्रेडिट म्हणतो त्याच्या मुळाशी 'विश्वास ठेवणे' असा लॅटिन अर्थ आहे. एकच वही, परंतु एक भाषा देणे पाहते, दुसरी विश्वास पाहते, आणि आपली मराठी रक्कम कोणाच्या नावावर टाकली ते पाहते.

याहून मोठा घोटाळा आकड्यांचा आहे. स्पॅनिशमधला 'बिल्योन' म्हणजे एकावर बारा शून्ये, आणि आजच्या इंग्रजीतला 'बिलियन' म्हणजे एकावर नऊ शून्ये. दिसायला जुळे भाऊ, पण एक दुसऱ्याच्या हजारपट. ब्रिटनमध्येही पूर्वी बारा शून्यांचाच अर्थ चाले. सरकारी व्यवहारात नऊ शून्यांचा अर्थ तिथे १९७४ मध्ये ठरवण्यात आला. आपल्याकडे तरी काय निराळे आहे? मराठीतला 'खर्व' म्हणजे एकावर दहा शून्ये, तर हिंदीतला 'खरब' म्हणजे एकावर अकरा. हिंदी बातमीचे मराठी करताना कोणी खरबाचा खर्व केला तर नऊ दशांश पैसा वाटेतच गळून जाईल. आपल्या लोकांनी यावर स्वत:च तोड काढली आहे. अब्ज, खर्व, निखर्व यांच्या भानगडीत न पडता ते सरळ 'शंभर कोटी' आणि 'लाख कोटी' म्हणतात. इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी आणि स्पॅनिश बिल्योन म्हणजे बरोबर एक लाख कोटी. हा शब्द कोणत्याही समितीने घडवलेला नाही, पण तो ऐकून कोणाची फसवणूक होत नाही.

आता कोणी म्हणेल की, स्पेनचा आणि नगरचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येतो. 'पगार' हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला. पैसे चुकते करणे या अर्थाचे 'पागार' हे क्रियापद पोर्तुगीजांत आणि स्पॅनिशांत एकच आहे. थकलेल्या कर्जापायी जमिनीचा जो 'लिलाव' होतो तो शब्दही पोर्तुगीजच. जमा, खर्च, वसूल, बाकी, रक्कम, हिशेब, दलाल, जामीन हे सारे फारसी-अरबीतून आले. 'व्याज' मात्र संस्कृत, आणि त्याचा संस्कृतातला अर्थ आहे निमित्त किंवा कपट. म्हणून तर कपट नसलेल्या प्रेमाला आपण निर्व्याज प्रेम म्हणतो! सांगायचे हे की, पैशाच्या बाबतीत मराठीने कधी सोवळे पाळले नाही. बाजारात जो शब्द उपयोगी पडला तो तिने घेतला आणि आपल्या वळणावर आणला.

शिवाजी महाराजांच्या काळातला दाखला या बाबतीत फार बोलका आहे. राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवला. त्यात तेराशेहून अधिक शब्द आहेत. स्वराज्याची स्वतंत्र मुद्रा भाषेवरही उमटावी हा त्यामागचा हेतू थोर होता आणि तो काही अंशी सफळही झाला. मुजुमदाराचे अमात्य झाले, सुरनिसाचे सचिव झाले. परंतु जमेची, खर्चाची, वसुलाची आणि बाकीची जागा कोणी घेऊ शकले नाही. ते शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. पदाचे नाव राजाज्ञेने बदलते, कारण पद राजा देतो. पैशाचा शब्द मात्र घेणारा आणि देणारा या दोघांनी मिळून चालवायचा असतो. दोघांपैकी एकाला तो कळला नाही तर व्यवहार होत नाही, किंवा होतो तो एकाच्या नुकसानीचा होतो.

हे नुकसान किती खोल जाऊ शकते हे आपल्या जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. (हे सुपे आपल्या पारनेरचे नव्हे.) तो वणवा लगेच आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला. या दंग्यांची विशेष गोष्ट अशी की, लोकांचा रोख माणसे मारण्यावर नव्हता. त्यांना हवे होते कागद. सावकाराच्या पेटीतली कर्जखते आणि रोखे बाहेर काढून त्यांनी त्यांची होळी केली. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, पण ज्याच्यावर आपला अंगठा आहे आणि ज्याच्या जोरावर कोर्ट आपली जमीन दुसऱ्याला देते, तो कागद जाळण्यापलीकडे त्यांना उपाय दिसला नाही.

त्यामागची कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते, आणि सारावाढही झाली होती. परंतु कागदाचे कारण त्यांत लहान नव्हते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू शेतकऱ्याच्या हिताचा होता, जुन्या रोख्यांवर दावे होऊ नयेत असा. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार जुने मुद्दल आणि चढलेले व्याज एकत्र करून त्या बेरजेचे नवे खत लिहून घेऊ लागला. व्याजाचे मुद्दल झाले, आणि अंगठा उठवणाऱ्याला ते कळलेही नाही. दंग्यांनंतर चौकशीसाठी आयोग नेमला गेला, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यात एक तरतूद अशी होती की, शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज गावच्या निबंधकापुढे व्हावा. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारलाही हे मान्य करावे लागले की, कागद केला एवढ्याने भागत नाही. तो करून देणाऱ्यासमोर उघडपणे झाला पाहिजे.

मग स्वतंत्र भारतातल्या, मराठी राज्यातल्या नोटिशीने तरी तात्यांना आपला अर्थ सांगू नये काय?

येथे मला आपल्या पूर्वसूरींच्या कामाविषयी अनादर दाखवायचा नाही. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, म्हणजे १९६० साली, भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. पदनाम कोश निघाला तेव्हा त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणवणारेही होते. पण आज आपण संचालक, आयुक्त, अभियंता हे शब्द सहज वापरतो याचे श्रेय त्या कामाला द्यावेच लागेल. पुढे अर्थशास्त्राचे, वाणिज्यशास्त्राचे परिभाषा कोश झाले. आम्ही मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकू शकतो ते त्यामुळेच. शास्त्राला नेमकी परिभाषा लागते, एका कल्पनेला एकच शब्द लागतो आणि तो राज्यभर सारखा असावा लागतो, हे मला मान्य आहे. 'मागणीची लवचीकता' हा शब्द वर्गात कोणाला अडत नाही, कारण तो शिकवायला प्राध्यापक समोर उभे असतात.

परंतु नोटीस शिकवायला कोणी येत नाही. परिभाषा कोशातला शब्द आणि गरजू माणसाच्या हाती पडणारा शब्द यांत हा फरक आहे आणि आपण तो विसरलो आहोत, असे मला वाटते. कोश हे कारागिराचे हत्यार आहे. ते गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे नसते.

काही शब्द पाहा. बँक बंद पडून तिची देणी-घेणी निकालात काढावयाची झाली की तिला 'अवसायनात' काढतात आणि हे काम करणाऱ्याला 'अवसायक' म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. १९१० सालची, शंभरी ओलांडलेली ही बँक. ज्यांचे पैसे असे अडकतात त्यांना त्या वेळी दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: आपले पैसे मिळणार का, आणि किती मिळणार? २०२० पासून ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, हे एक वाक्य त्यांना धीर देणारे आहे. 'अवसायन' हा शब्द मात्र पुष्कळांना अवसानासारखा ऐकू येतो. शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष असेल, परंतु सत्तर वर्षांच्या विधवेला तो काय सांगतो?

दुसरे उदाहरण वर्तमानपत्रांतले. बँका आपल्या वहीतून बुडीत कर्ज काढून टाकतात, त्याला कोशात 'निर्लेखन' म्हणतात. ही केवळ हिशेबाची कृती आहे. कर्जदाराचे देणे त्याने संपत नाही, वसुली चालूच राहते. परंतु बातमीत याचे मराठी होते 'कर्ज माफ'. मग चावडीवर चर्चा रंगते की, बड्यांची कोटीच्या कोटी माफ झाली आणि आमचे पन्नास हजार का नाही? अशा बुडीत कर्जांतली वसुली पुष्कळदा फार थोडी होते हे खरे, आणि त्याविषयी राग असण्यास जागा आहे. पण माफी आणि निर्लेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका चुकीच्या शब्दामुळे आपण योग्य प्रश्न विचारण्याऐवजी चुकीचा प्रश्न विचारत बसतो. वसुली किती झाली, हा तो योग्य प्रश्न.

'माफी' या शब्दाचेही एक आहे. माफी अपराध्याला करतात. २०१९ साली राज्य सरकारने जी योजना जाहीर केली तिचे नाव महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना असे ठेवले. माफीची मुक्ती झाली. लोक अजूनही कर्जमाफीच म्हणतात हे खरे, पण नाव ठेवणाऱ्याला शब्दाचे वजन कळले होते एवढे निश्चित. म्हणजे मनात आणले तर सरकारला शब्द नीट निवडता येतो.

साखर कारखान्यांच्या व्यवहारातला एक शब्द तर मला फार दिवस कोड्यासारखा वाटत आला आहे: 'बिनपरतीची ठेव'. उसाच्या बिलातून ही कपात होत असे. आता ठेव म्हणजे काय? जी आपण दुसऱ्याकडे ठेवतो आणि परत मागतो ती. जी परत मिळायची नाही ती ठेव कशी? तिला वर्गणी म्हणा, देणगी म्हणा, कपात म्हणा. इंग्रजी विशेषणाचे इमाने इतबारे भाषांतर झाले आणि मराठी नामाचा अर्थच नाहीसा झाला. गंमत अशी की, शब्द सोपा आहे, एकही संस्कृत जोडाक्षर त्यात नाही, आणि तरीही तो फसवा आहे. तेव्हा अवघड शब्द वाईट आणि सोपा शब्द चांगला, इतके हे प्रकरण सरळ नाही.

सहकाराच्या चळवळीने मात्र चांगले शब्दही पुष्कळ दिले आहेत, आणि त्यांतले कितीतरी आपल्याच जिल्ह्याच्या मातीत रुजले. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. गाडगीळ हे इंग्रजीत ग्रंथ लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ आणि विखे पाटील लोणीचे शेतकरी. या दोघांना एकमेकांशी आणि गावोगावच्या शेतकऱ्यांशी बोलावे लागले. भागभांडवल, सभासद, पोटनियम, पहिली उचल, अंतिम दर, साखर उतारा हे शब्द त्या व्यवहारात घासून गुळगुळीत झाले. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली याला 'उतारा' म्हणणाऱ्याने कोश उघडला नसेल. पिकाचा उतारा जो शेतकरी आधीच बोलत होता तोच त्याने उसाला लावला. तसाच 'नजरगहाण' हा शब्द. वस्तू कर्जदाराकडेच राहायची, वापरायची त्यानेच, पण तिच्यावर हक्क आणि नजर बँकेची. इंग्रजीतला मूळ शब्द उच्चारतानाही जीभ अडखळते. आपला शब्द ऐकताच अर्धा करार समजतो. हे भाषांतर नव्हे, ही समजूत आहे.

या साऱ्यातून मला काही गोष्टी सुचतात. त्या मी नम्रपणे मांडतो.

पहिली अशी की, जिथे लोकांचा शब्द आहे तिथे तोच वापरावा, मग तो फारसी असो, पोर्तुगीज असो की इंग्रजी. 'ओव्हरड्राफ्ट'ला 'अधिकर्ष' म्हटल्याने शेतकऱ्याचे काम सोपे होत नाही. त्याला 'ओडी' कळते. 'शेअर', 'चेक', 'बँक', 'हप्ता' हे आता आपलेच आहेत. भाषेचा अभिमान शब्दांच्या जन्मपत्रिकेत नाही, तो समजुतीत आहे.

दुसरी, जिथे शब्द फसवा आहे तिथे एका शब्दाऐवजी एक वाक्य लिहावे. 'संयुक्त व पृथक' हे पाहिजे तर राहू द्यावे, कारण कोर्टात तेच चालते. पण त्याखाली एवढे लिहायला किती शाई लागते: 'म्हणजे कर्जदाराने पैसे न भरल्यास संपूर्ण रक्कम तुमच्या एकट्याकडूनही वसूल केली जाईल.' हे वाक्य तात्यांनी सहीच्या आधी वाचले असते तर कदाचित सही केली नसती. कदाचित शेजारधर्म म्हणून केलीही असती. पण ती डोळे उघडे ठेवून केली असती.

तिसरी गोष्ट मोजमापाची. गावातला सावकारी व्यवहार अजून 'शेकडा दोन रुपये' असा बोलतात आणि तो महिन्याचा असतो. बँक बोलते द. सा. द. शे., म्हणजे वर्षाचे. त्यामुळे 'बँक बारा टक्के घेते आणि अमका दोनच रुपये घेतो' असे म्हणणारी माणसे मी स्वत: ऐकली आहेत. दोन रुपये महिन्याला म्हणजे वर्षाला चोवीस झाले, हे गणित चौथीतला मुलगा करील. पण आधी दोन्ही दर एका भाषेत आणायला हवेत. हेही भाषांतरच आहे.

कोणी म्हणेल की, हे सगळे बँकांच्या मर्जीवर आहे, आपण लेख लिहून काय होणार? तसे नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून ठरवले की, किरकोळ आणि लहान उद्योगांच्या कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य गोष्टींचे एक विवरणपत्र द्यावे. ते त्याला समजणाऱ्या भाषेत असावे, त्यातला मजकूर त्याला समजावून सांगावा आणि समजल्याची त्याच्याकडून पोच घ्यावी. वर्षाला एकूण किती टक्के पडतील हेही त्यात सांगायचे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना हे लागू झाले. 'समजणाऱ्या भाषेत' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. केवळ 'मराठीत' असे म्हटले असते तर तात्यांची नोटीसही मराठीतच होती. समजणे ही अट आहे, लिपी नव्हे.

परंतु परिपत्रक निघाले म्हणजे काम झाले असे होत नाही. ते समजावून सांगणारा माणूस लागतो. आणि येथे मला आपल्या महाविद्यालयाची आठवण होते. कला शाखेच्या पदवीचा उपयोग काय, हा प्रश्न आपल्याला घरी, एस. टी. त आणि लग्नाच्या बैठकीतही विचारला जातो. माझे उत्तर हे आहे. आपल्यापैकी जे मराठी घेऊन शिकतात आणि जे अर्थशास्त्र घेऊन शिकतात ते एका इमारतीत बसतात, पण एकमेकांच्या वर्गात डोकावत नाहीत. या दोन वर्गांनी एकत्र येऊन आपल्या तालुक्यातल्या बँका, पतसंस्था आणि सेवा सोसायट्यांचे कोरे छापील अर्ज, जामीनपत्रे, नोटिशीचे नमुने गोळा करावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, ते चालू ठेवावेच. पण एक संध्याकाळ पारावर बसून हे कागद लोकांपुढे मोठ्याने वाचावेत, कुठला शब्द अडतो त्याची नोंद करावी, आणि त्या शब्दाला ते लोक काय म्हणतात तेही लिहून घ्यावे. पन्नास शब्दांची एक लहान पुस्तिका झाली तरी पुष्कळ झाले. त्यात डाव्या बाजूला कागदावरचा शब्द, उजव्या बाजूला त्याचा खरा परिणाम सांगणारे एक वाक्य. आमच्या प्राध्यापकांनी ती कायद्याच्या दृष्टीने तपासून घ्यावी, म्हणजे सोपे करण्याच्या नादात चुकीचे सांगितले जाणार नाही. मी स्वत: एकदा चुकीचे सांगितले आहे. तेव्हा ही भीती पुस्तकी नाही.

या पुस्तिकेत पहिला शब्द कोणता असावा हे मी ठरवून ठेवले आहे. त्यापुढचे वाक्य तात्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "हे बरोबर लिहिलंस. पण 'वसूल केली जाईल' नको. 'तुमच्याकडून घेतील' असं लिही, म्हणजे कोण देणार ते कळतं."

मी तसा बदल केला आहे.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)